पिथमपूरला शिफ्टा कमी होऊन राहिल्यात, घरातली बचत कशी सांभाळायची?

मालवी_मिर्ची
नमस्कार मंडळी. धागा इंदूरकरांसाठी काढतेय पण बाकीच्यांनीही लिहा. ह्यांची कंपनी पिथमपूरला, गाड्यांचे पार्ट बनवतात. आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग तिसरी शिफ्ट गेली, मग कंत्राटी पोरांना घरी बसवलं, आणि आता परमनंटवाल्यांना सांगतायत की आठवड्यातून एक दिवस प्लँट बंद राहील. पगार अजून पूर्ण येतोय पण किती दिवस येईल देव जाणे.
आमचा हिशोब असा. सहकारी बँकेत एफडी १४ लाख, त्यातले ९ ह्यांच्या नावावर, ५ सासऱ्यांच्या. सगळं एकाच बँकेत, कारण व्याज अर्धा टक्का जास्त आणि मॅनेजर सासऱ्यांच्या ओळखीचे. म्युच्युअल फंडाची एसआयपी महिन्याला १० हजाराची. घराचा हप्ता २२ हजार, तो धरून महिन्याचा खर्च ४५ हजाराच्या आसपास. क्रेडिट कार्डावर ६० हजार थकलेत (दिराच्या लग्नातले, त्यावर काही बोलू नका). थोडं सोनं आहे.
दीर म्हणतो एसआयपी बंद करा, सगळं सोन्यात टाका. सासरे म्हणतात एफडीला हात लावायचा नाही. ह्यांच्या लाइनवरचा एक जण म्हणतो विजयनगरला एक अॅडव्हायझरी आहे, महिन्याला ४ टक्के पक्के देतात. माझं डोकं बंद पडलंय.

रामबागचा_राजा
ताई, आधी त्या ४ टक्केवाल्याचा नंबर ब्लॉक करा, बाकीचं नंतर वाचा.

रामबागचा_राजा
जरा सविस्तर लिहितो. आपल्या इंदूरच्या कितीतरी अॅडव्हायझरी कंपन्यांवर सेबीच्या (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) ऑर्डरी आल्यात, सेबीच्या साइटवर ऑर्डरींच्या यादीत जाऊन बघा, इंदूर इंदूर इंदूर दिसेल, स्वच्छतेत पहिला नंबर तसा ह्यातही. सेबीचा नियम साफ आहे, सल्लागाराला परताव्याची गॅरंटी देताच येत नाही. म्हणजे ४ टक्के पक्के म्हणतो त्याने तिथेच नियम मोडला. रजिस्ट्रेशन नंबर दाखवतील, तो खरा असला तरी 'पक्के' हा शब्द ऐकला की उठून यायचं. आणि ही मंडळी मंदीतच जास्त फोन करतात कारण घाबरलेला माणूस लवकर हो म्हणतो भिया.

खातेवही
मिर्चीताई, मला तुमच्या यादीतली सगळ्यात काळजीची गोष्ट शेअर बाजार नाही वाटली, एकाच बँकेतले ते १४ लाख वाटले.
बँक बुडाली किंवा रिझर्व्ह बँकेने निर्बंध लावले तर ठेव विमा असतो, डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेचीच ठेव विमा कंपनी). ४ फेब्रुवारी २०२० पासून तो एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंत आहे, त्याआधी १९९३ पासून फक्त १ लाख होता. ह्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. बचत खातं, चालू खातं, आरडी, एफडी सगळं मिळून ५, आणि त्या बँकेच्या सगळ्या शाखा मिळून. म्हणजे एक एफडी राजवाड्याच्या शाखेत आणि एक सुदामानगरच्या शाखेत असं केलं तरी फायदा शून्य. तुमच्या मिस्टरांच्या ९ मधले ४ लाख उघडे आहेत. सासऱ्यांचे ५ बरोबर वाटतात पण व्याज जमा होतंय ना, ते मिळून ५ च्या वर गेलेच असणार, तेवढं वरचं उघडं.
जॉइंट खात्याचा नियम बऱ्याच जणांना माहीत नसतो. नवऱ्याचं एकट्याचं खातं आणि नवरा-बायकोचं जॉइंट, हे दोन वेगळे धरतात, दोन्हीला वेगवेगळे ५ लाख. इतकंच काय जॉइंटमध्ये नावांचा क्रम उलटा केला तर तेही वेगळं धरतात.
सहकारी बँकांना हा विमा आहे, घाबरू नका. पण पतसंस्थेला नाही, कंपनी डिपॉझिटलाही नाही. 'बँक' लिहिलेली पाटी आणि 'क्रेडिट को-ऑपरेटिव्ह सोसायटी' लिहिलेली पाटी, दोन्हीकडे पासबुक सारखंच दिसतं आणि आपले लोक दोघांनाही बँकच म्हणतात.

आजोबा_ऑनलाइन
खातेवही, तुम्ही उगीच घाबरवता आहात. मी ४० वर्षं सहकारी बँकेत पैसे ठेवतो आहे. आपल्या लोकांनी उभ्या केलेल्या बँका आहेत. व्याज वेळेवर येते, कर्मचारी उभे राहून नमस्कार करतात. राष्ट्रीयीकृत बँकेत जा, म्हातारा माणूस काउंटरवर तासभर उभा राहतो आणि वर ऐकावे लागते की लंच टाइम आहे.

खातेवही
काका, नमस्कार. बँक वाईट आहे असं मी म्हणालेच नाही, आणि लंच टाइमचं तर शंभर टक्के पटलं. पण पीएमसी बँक आठवते ना, सप्टेंबर २०१९. एका सकाळी निर्बंध आले आणि खात्यातून फक्त १ हजार रुपये काढता येतील म्हणाले. मग १० हजार, मग २५, मग ४०, मग ५०, असं करत करत जून २०२० मध्ये १ लाखावर आले. आणि मोठ्या ठेवीवाल्यांना बँक २०२२ मध्ये युनिटी बँकेत विलीन झाल्यावरही उरलेले पैसे १० वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत मिळायचे ठरले. आदल्या दिवशीपर्यंत तिथलेही कर्मचारी नमस्कार करतच असतील.
२०२१ मध्ये कायदा बदलला, आता निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याचे ५ लाखांपर्यंतचे पैसे द्यावे लागतात. मोठी सोय झाली. तरी ते ९० दिवस हप्ता आणि किराणा कशातून देणार हा प्रश्न उरतोच.

छप्पनवाला
फक्त सहकारीच नाही हं. ५ मार्च २०२० ला येस बँकेवर बंदी आली होती, ५० हजाराच्या वर काढता येत नव्हते. १८ तारखेला उठली, १३ दिवसच, पण त्या रात्री फोनपे सुद्धा बसलं कारण त्यांचं काम येस बँकेतून चालायचं. ज्याचं खातं दुसऱ्या बँकेत त्याचंही फोनपे बंद. तेव्हापासून मी दोन बँकांची खाती दोन वेगळ्या अॅपवर ठेवतो, आणि कपाटात थोडी कॅश. बायको हसते, हसू दे.

मालवी_मिर्ची
बापरे, हा व्याजाचा मुद्दा मला माहीतच नव्हता. सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते म्हणाले "मॅनेजर असं कधी बोलला नाही". तो कशाला बोलेल 😄
सोन्याचं काय पण? दीर मागे लागलाय.

सराफा_रात्री_दहानंतर
सराफ्यातला माणूस आहे, म्हणजे दिवसाचा सोनेवाला, रात्री तिथे लागणाऱ्या खाऊगल्लीतला भुट्ट्याच्या किसवाला नाही. सोनं विकणाराच सांगतोय म्हणून ऐका: दागिना ही बचत नव्हे, हौस आहे, आणि हौस करावी. पण घडणावळ आणि जीएसटी देऊन घेतलेला हार परत विकायला आणला की घडणावळ गेली, खडे गेले, घट धरली, हातात येतं ते सोन्याच्या वजनाचं. मंदीत गर्दी विकायला येते तेव्हा दुकानदार अजून खाली बघतो. ठेवायचंच असेल तर नाणं किंवा वळं, हॉलमार्क बघून, वळ्यावर सहा अक्षरी एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) पण बघायचा. १ एप्रिल २०२३ पासून आपल्या इंदूरमध्ये दुकानदाराला एचयूआयडीशिवाय सोन्याचा दागिना विकता येत नाही, अगदी छोटे दागिने सोडून. जुना दागिना घरात असेल तर चिंता नको, तो विकता येतो.
आणि सोनं फक्त वरच जातं हेही खरं नाही. जानेवारी १९८० ला जगात सोनं औंसाला ८५० डॉलरला लागलं होतं, तो भाव परत बघायला जानेवारी २००८ उजाडलं. आपल्याकडे रुपया पडत गेला म्हणून ते जाणवलं नाही इतकंच. सध्या सगळे घेतायत म्हणून सगळी एफडी मोडून सोनं, असं नका करू. जे घरात आहे ते राहू द्या, गरज पडलीच तर विकण्यापेक्षा बँकेतून गोल्ड लोन बरं, दागिना परत येतो.

दीर_पक्षाचा_वकील
तरी पण साहेब गेल्या काही वर्षांत ज्यांनी सोनं घेतलं तेच हसतायत ना?

सराफा_रात्री_दहानंतर
हो, हसतायत. त्यांनी घेतलं तेव्हा कोणी रांगेत नव्हतं.

वडोद्याची_वैशाली
बडोद्याहून लिहितेय, इकडे मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) पण हेच चालू आहे. एसआयपीबद्दल माझं मत वेगळं आहे बाकी लोकांपेक्षा. सगळे म्हणतात मंदीत एसआयपी बंद करू नका, स्वस्तात युनिट मिळतात. खरं आहे पण अर्धं. जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २१ हजारावर होता, ऑक्टोबरमध्ये ८ हजाराच्या खाली गेला, परत २१ हजार बघायला नोव्हेंबर २०१० आलं. कोविडमध्ये २३ मार्च २०२० ला एका दिवसात ३,९०० च्या वर अंक पडून २६ हजाराखाली बंद झाला आणि जानेवारी २०२१ ला ५० हजार. म्हणजे एकदा पावणेतीन वर्षं, एकदा वर्षाच्या आत. पुढची कोणत्या प्रकारची हे कोणालाच माहीत नाही. दोन्ही वेळा खड्ड्यात गेले ते तळाला विकणारे, आणि त्यातल्या किती जणांनी भीतीने विकलं आणि किती जणांनी फी भरायला दुसरं काही नव्हतं म्हणून विकलं? दुसरी जमात खूप मोठी असते, तिच्याबद्दल कोणी व्हिडिओ बनवत नाही.
तर ताई, जोवर पूर्ण पगार येतोय आणि हाताशी वर्षभराचा खर्च आहे तोवर चालू ठेवा, ज्या महिन्यात पगार कापला त्या महिन्यात पॉज करा. पॉज म्हणजे विकणं नव्हे. जमलेली युनिटं पडून राहू देत.

मालवी_मिर्ची
आमचे ५ हजार निफ्टी इंडेक्समध्ये आणि ५ हजार स्मॉलकॅपमध्ये, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या फंडात, जातात.

वडोद्याची_वैशाली
मग स्मॉलकॅपवालं आधी थांबवा. तुमच्या मिस्टरांची नोकरी ज्या कारणाने डगमगते त्याच कारणाने त्या छोट्या कंपन्या पण पडतात, त्यातल्या कितीतरी गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्याच असतात. पगार आणि गुंतवणूक एकाच दिवशी आजारी पडायला नको.

हिशोबी_हेमंत
माझं सरळ मत. एफडी मोडा आणि सगळे ९ लाख होम लोनमध्ये भरा. एफडीवर ७ टक्के त्यावर टॅक्स, लोनवर ८ च्या वर. कर्ज नाही तर टेन्शन नाही.

खातेवही
हेमंत, गणित बरोबर, पण वेळ चुकीची आहे. लोनमध्ये भरलेले ९ लाख नोकरी गेल्यावर बँक परत देत नाही. उलट नोकरी गेल्यावर टॉप-अप (वाढीव कर्ज) मागायला गेलात तर पहिला प्रश्न, सॅलरी स्लिप? आणि पार्ट पेमेंट केल्यावर बँका बहुतेक वेळा मुदत कमी करतात, हप्ता तोच २२ हजार राहतो, म्हणजे पगार थांबला की पुढच्याच महिन्यात अडचण. नोकरी पक्की असती तर मी पण हेच सांगितलं असतं. ओव्हरड्राफ्टवालं होम लोन असेल तर गोष्ट वेगळी, त्यात भरलेले जास्तीचे पैसे परत काढता येतात.
लोनबाबत आज करायचं काम दुसरंच आहे. ताई, तुमचं लोन रेपोला (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याला) जोडलेलं आहे का बघा. ऑक्टोबर २०१९ नंतरचं फ्लोटिंग असेल तर बहुतेक असेलच, पण जुनं किंवा हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर नसेल. फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला रेपो ६.५० होता, डिसेंबर २०२५ पर्यंत ५.२५ वर आला. सव्वा टक्का. तो तुमच्या हप्त्यात उतरलाय का नाही हे स्टेटमेंट काढून बघा, नसेल उतरला तर बदलून मागा, थोडी फी घेतात. आणि बँकेला सांगा की मुदत नको, हप्ता कमी करा. आत्ता तुम्हाला महिन्याचा भार हलका हवाय.

हिशोबी_हेमंत
मुदत-हप्त्याचं लक्षात नव्हतं आलं. ओके. पण क्रेडिट कार्ड तरी आधी भरा म्हणाल ना?

खातेवही
आजच. उद्या नको. ६० हजारावर महिन्याला ३.५ टक्के म्हणजे २,१०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून अडीच हजाराच्या घरात. तेवढ्याच ६० हजाराची एफडी महिन्याला साडेतीनशे कमवते. म्हणजे एका हाताने साडेतीनशे घेऊन दुसऱ्या हाताने अडीच हजार देताय तुम्ही.

आजोबा_ऑनलाइन
एफडी मुदतीआधी मोडली तर दंड लागतो हे कोणी सांगत नाही.

खातेवही
लागतो काका, साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कमी देतात, मुद्दल कापत नाहीत. ९ लाखांची एकच पावती असेल तर मात्र पंचाईत, ६० हजारासाठी सगळी मोडावी लागेल. म्हणून पुढच्या वेळी एक लाखाच्या, पन्नास हजाराच्या वेगवेगळ्या पावत्या करायच्या, वेगवेगळ्या मुदतीच्या. लागेल तेवढीच मोडायची. थोड्याच दिवसांची गरज असेल तर एफडीवर कर्जही मिळतं, एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लावून.

नंदानगर_मिल_एरिया
सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट कोणी बोललं नाही. ताई, ह्यांची ग्रॅच्युइटी, लीव्हचे पैसे, थकलेला इन्सेंटिव्ह, असं काही तुम्ही मनातल्या हिशोबात धरलं असेल तर काढून टाका. आमच्या एरियात लहान पोरालाही हुकुमचंद मिलची गोष्ट माहीत आहे. नव्वदीच्या सुरुवातीला मिल बंद पडली आणि कामगारांच्या देण्याचे २२४ कोटी मिळाले ते २५ डिसेंबर २०२३ ला. तीस वर्षांच्या वर. कितीतरी जण तोवर गेले, विधवांनी सह्या केल्या. कोर्टात जिंकले होते हो, हक्काचेच पैसे होते. कंपनीकडे अडकलेला पैसा मिळाला तर बोनस समजायचा.
पीएफ वेगळा, तो कंपनीच्या खिशात नसतो, पण दरमहा जमा होतोय का हे पासबुकमध्ये बघत जा. कंपनी अडचणीत आली की कापून घेतात आणि भरत नाहीत, असं होतं. उमंग अॅपवर दिसतं. एक-दोन महिने कोरे दिसले तर समजायचं कंपनीची तब्येत बाहेर सांगतात त्यापेक्षा वाईट आहे.

मालवी_मिर्ची
काका, धन्यवाद. आत्ता ह्यांना उठवून उमंग बघायला लावलं. मागच्या महिन्यापर्यंतचे जमा आहेत 🙏

ग्वाल्हेरची_सून
मेडिक्लेम! कोणीच बोललं नाही. कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो. सासऱ्यांना बीपी-शुगर असेलच. नोकरी असतानाच स्वतःची पॉलिसी घ्या, आधीच्या आजारांचं वेटिंग आता जास्तीत जास्त ३ वर्षं आहे, ते आजपासून मोजायला लागलेलं बरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर जीएसटी पण नाही. आणि नोकरी सुटलीच तर कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, आधीच विचारून ठेवा, एचआरला नाही, विमा कंपनीला. आमच्याकडे ग्वाल्हेरला शेजारच्यांची अख्खी एफडी एका अँजिओप्लास्टीत गेली, बाजार तर तेव्हा वरच होता.

आजोबा_ऑनलाइन
हे मात्र बरोबर बोललात सूनबाई.
मिर्चीताई, तुमच्या सासऱ्यांसाठी माझ्या अनुभवाचे सांगतो. ६० च्या वर असतील तर पोस्टात सिनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम. व्याज ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी खात्यात, ३० लाखांपर्यंत ठेवता येते, ५ वर्षांची मुदत. खाते उघडताना जो दर तोच ५ वर्षे. सरकारची हमी आहे, तिथे ५ लाखांची भानगड नाही. पण एका वर्षाच्या आत मोडली तर दिलेले व्याज कापून घेतात, दुसऱ्या वर्षात मोडली तर दीड टक्का, त्यानंतर एक टक्का. म्हणून लगेच लागणारे पैसे त्यात घालू नयेत.

खातेवही
काका 👏 हेच म्हणणार होते. तुमच्या सहकारी बँकेपेक्षा व्याज पण जास्त निघतंय.

आजोबा_ऑनलाइन
ते मी मोजलेले आहे. नमस्कार मात्र पोस्टात कोणी करत नाही.

मालवी_मिर्ची
हाहा काका. बरं, सगळं वाचून काल रात्री जेवताना बसून ठरवलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. सुदैवाने ह्यांच्या ९ लाखांच्या तीन पावत्या निघाल्या, ४, ३ आणि २. दोनची मोडून कार्ड बंद करायचं, उरलेले १ लाख ४० दुसऱ्या बँकेतल्या सेव्हिंगला ठेवायचे, ऑटो स्वीप लावून (जास्तीचे पैसे आपोआप एफडीत जातात). तीनची मोडून दुसऱ्या बँकेत पन्नास-पन्नासच्या सहा पावत्या, माझं नाव पहिलं लावून जॉइंट. चारची तिथेच राहू दे, व्याजासकट ५ च्या आत आहे. म्हणजे नोकरी गेली तरी जवळजवळ १० महिन्यांचा खर्च चारला हात न लावता निघतो. स्मॉलकॅप पॉज केलं. पॉलिसीचे कोट मागवलेत, सासऱ्यांच्या प्रीमियमचा आकडा बघून ह्यांनी पाणी मागितलं. सोनं आहे तितकंच. दीर रुसलाय.

रामबागचा_राजा
झकास. दिराला सांगा लग्नाचं कार्ड भरलं म्हणून, रुसवा जाईल.

खातेवही
मस्त. दोन गोष्टी. नॉमिनी सगळीकडे बघून घ्या, नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. आणि पन्नासच्या सगळ्या पावत्या एकाच मुदतीच्या नका करू, दोन सहा महिन्यांच्या, दोन वर्षाच्या, दोन दीड वर्षाच्या असं.

मालवी_मिर्ची
करते. आता एकच अडलंय. सासरे पोस्टाच्या स्कीमला तयार झालेत पण म्हणतात सगळे ५ नाही काढायचे, एक लाख तरी तिथे ठेवायचे, मॅनेजरला वाईट वाटेल. आणि मॅनेजर मला म्हणाले "सोमवारी या, साहेबांशी बोलू, अर्धा टक्का वाढवून देऊ".

नंदानगर_मिल_एरिया
एक लाख ठेवा की, त्यात काय बिघडतं, म्हाताऱ्या माणसाचा शब्द राहतो. आणि वाढवून देतो म्हणाले तर चहा प्या, अर्ज मात्र लेखी द्या आणि शिक्का मारून पोच घ्या. पावत्यांवर मिस्टरांच्या सह्या लागतील, त्यांना बरोबर न्या, प्लँट बंद असेल त्या दिवशी.

मालवी_मिर्ची
ह्या आठवड्यात गुरुवारी बंद आहे. गुरुवारीच जातो.